दोन खणांच्या घराची अल्प खर्चात सुधारणा व सजावट

शेतकऱ्याचे घर हा त्याच्या शेतीचाच एक भाग होय. बियाणे घरात राहते, धान्याची रास घरात येते, अवजारे व दोरखंड घराच्याच एखाद्या कोपऱ्यात विसावतात, आणि ज्या अंगाला दुसऱ्या दिवशी पुन्हा राबावयाचे असते त्या अंगाला विश्रांतीही येथेच मिळावयाची असते. असे असूनही पिकाच्या सुधारणेविषयी जितका विचार होतो त्याच्या शतांशानेही घराच्या सुधारणेचा होत नाही. झालाच, तर तो घरात लग्नकार्य निघाल्यावर होतो. मग आठ-पंधरा दिवसांत भिंतींना तैलरंग फासला जातो, दर्शनी बाजूस सिमेंटचा गिलावा चढतो, आणि ह्या साऱ्याचे पैसे हातउसने किंवा व्याजाने काढलेले असतात. पुढील पावसाळ्यात तोच रंग पापुद्रे धरून सुटू लागतो, व्याज मात्र सुटत नाही. प्रस्तुत लेखात दोन खणांच्या साध्या घरात, घरचीच मेहनत व जवळपासचीच साधने वापरून, कोणत्या सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात ह्याचा विचार केला आहे.

घर लहान आहे म्हणून ते सुधारण्याजोगे नाही, ही समजूत प्रथम सोडून दिली पाहिजे. २०१६ पासून अमलात आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रच २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, धरले आहे आणि त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचाही समावेश आहे. एवढ्या जागेत चार-पाच माणसांचे कुटुंब नीट राहू शकते. अडचण बहुधा जागेची नसून अंधार, धूर, ओल आणि पसारा ह्या चार गोष्टींची असते. ह्या चारांपैकी एकही गोष्ट रंगाने जात नाही. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, त्यानंतर उजेड व धूर, आणि सर्वांत शेवटी रंग व सजावट. गाठीशी थोडेच पैसे असतील तर पहिल्या दोहोंवर खर्च करून थांबावे. न रंगविलेले पण कोरडे घर हे रंगविलेल्या पण ओल्या घरापेक्षा केव्हाही चांगले.

छप्पर

मराठवाड्यात व विदर्भाच्या काही भागांत धाब्याची, म्हणजे माळवदाची घरे अद्याप पुष्कळ आहेत. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या किंवा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर अशी ही रचना असते. उन्हाळ्यात घर गार राहते, हा तिचा मोठा गुण. परंतु धाबे गळू लागले की वरून आणखी माती टाकण्याची जी पद्धत आहे ती अत्यंत घातक आहे. दरवर्षी थोडी थोडी माती चढत गेली म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत तिचा थर हातभर होतो. ओली झालेली ही माती किती जड असते हे टोपली उचलणाऱ्याला सांगावयास नको. तो सारा भार जुन्या तुळयांवर आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर येतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य माणसे झोपेत आपल्याच घराखाली गाडली गेली. भिंती जाड होत्या, परंतु त्यांचे आतील व बाहेरील असे दोन पापुद्रे वेगवेगळे रचलेले होते. दोहोंना सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि डोक्यावर मातीचे मोठे ओझे होते. धक्का बसताच भिंतीचे पापुद्रे फाकले व छत खाली आले. ही हकीकत येथे भीती घालण्यासाठी सांगितलेली नाही. धाबे दुरुस्त करताना आधी जुनी माती काढावी आणि मगच नवी घालावी, एवढा एकच नियम त्यापासून घ्यावयाचा आहे. माती काढून थर वीतभर ठेवावा, उतार पन्हळीकडे नीट द्यावा, माती ओलसर असतानाच धुम्मसाने चोपून घ्यावी. हे काम वैशाखात उरकावे. मृगाचा पाऊस तोंडावर आल्यावर घाईने केलेले धाबे गळणारच. त्याच वेळी तुळयांची भिंतीत शिरलेली टोके तपासावीत, कारण वाळवी व कुज तेथूनच सुरू होते. टोक पोकळ वाजले तर त्या तुळईखाली खांब दिल्याशिवाय दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नये.

आता पत्र्याच्या घराविषयी. पत्रा गळत नाही, लवकर बसतो, आणि पुन्हा विकताही येतो, म्हणून तो घराघरांवर आला. पण वैशाखातील दुपारी त्या पत्र्याखाली तान्हे मूल निजविणे म्हणजे त्यास भट्टीजवळ निजविणे होय. यावर दोन स्वस्त उपाय आहेत. पहिला, चैत्रात पत्र्याच्या वरच्या अंगास चुन्याचे दोन पातळ हात द्यावेत. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरेचसे ऊन परतते आणि पत्रा कमी तापतो. पावसात हा चुना धुऊन जातो, तेव्हा तो दरवर्षी द्यावा लागेल. परंतु एका घराला लागणारा चुना असा कितीसा? दुसरा उपाय असा की, पत्र्याखाली एक हात अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. पत्रा व तट्ट्या यांमधील हवा कोंडून राहिल्यास उपयोग थोडा. म्हणून दोन्ही टोकांस ती खेळती राहील अशी मोकळी जागा ठेवावी व उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून तेथे जाळी ठोकावी. चुलीच्या वर मात्र तट्ट्या किंवा कापडी छत कदापि बांधू नये.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे आहेत त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. अशा पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत धोका थोडा, पण तो कापताना, भोके पाडताना किंवा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. काम करणे भागच असेल तर पत्रा पाण्याने भिजवून, नाकातोंडास फडके बांधून करावे, मुलांना दूर ठेवावे, आणि फुटके तुकडे अंगणात किंवा रस्त्यावर भर म्हणून टाकू नयेत.

जोते, भिंती व ओल

मातीच्या भिंतीचा खरा शत्रू म्हणजे तिच्या पायाशी साचणारे पाणी. वळचणीचे पाणी जेथे पडते तेथे जमीन उखडते, शिंतोडे भिंतीवर उडतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा खालचा हातभर भाग खाऊन जातो. यासाठी घराभोवती दीड-दोन हात रुंदीचा मुरमाचा पट्टा, बाहेरच्या बाजूस उतार देऊन, चोपून घ्यावा. शहाबादी फरशीचे तुकडे मिळत असतील तर ते त्यावर बसवावेत. फरशीच्या वखारीत तुकडा माल पुऱ्या फरशीपेक्षा बराच स्वस्त मिळतो. काळ्या जमिनीवर घर असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण काळी माती ओलीने फुगते व उन्हाने आकसते, आणि त्या फुगण्या-आकसण्यानेच जोत्याला तडे जातात.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. माती व सिमेंट यांचे फुगणे-आकसणे सारखे नसते. शिवाय भिंतीत शिरलेली ओल सिमेंटमधून सहज बाहेर पडू शकत नाही. ती आतल्या आत राहून माती भुसभुशीत करते आणि एके दिवशी गिलाव्याचा मोठा ढलपा सुटून पडतो. तैलरंगाचेही तेच. मातीच्या भिंतीस मातीचाच गिलावा व चुन्याचाच रंग मानवतो.

मातीचा गिलावा करण्यास काळी माती घेऊ नये. पांढरी किंवा तांबूस माती चाळून, तीत बारीक केलेला गव्हाचा भुसा मिसळावा, पाणी घालून आळे करावे, आणि आठ-दहा दिवस कुजू द्यावे. या काळात ती रोज पायांनी तुडवावी. चांगली मुरलेली माती लोण्यासारखी हाताला लागते व भिंतीस धरून राहते. आधी वीतभर जागेवर लावून पाहावी. वाळल्यावर तडे गेले तर माती फार चिकट आहे असे समजून थोडी वाळू घालावी. हात फिरविताच भुकटी निघू लागली तर चिकण माती कमी पडली असे समजावे. पावसाच्या माऱ्याकडील भिंतीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सुचविलेला डांबरमिश्रित मातीचा गिलावा उपयुक्त आहे. त्यात रॉकेल व थोडे मेण घालून पातळ केलेले डांबर भुसा घातलेल्या मातीत तुडवितात. असा गिलावा पावसाने धुपत नाही. मात्र तापविलेले डांबर व रॉकेल एकत्र आणणे हे काम आगीशी खेळण्याचे आहे. जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखाली, उघड्यावर व विस्तवापासून दूरच ते करावे.

सांडपाणी

न्हाणीचे व मोरीचे पाणी दारापुढून वाहात असेल तर घरात कितीही शोभा केली तरी डास व दुर्गंधी यांचे राज्य राहणार. यावरचा उपाय म्हणजे शोषखड्डा. तीन फूट लांब, तेवढाच रुंद व तेवढाच खोल खड्डा खणून तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम व वर बारीक खडी भरावी. वरच्या थरात तळास भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाची शेंडी किंवा गवत घालावे, म्हणजे राख, शिते व साबणाचा गाळ तेथेच अडकेल. शेंडी आठवड्यास धुवावी वा बदलावी. विहिरीपासून हा खड्डा किमान पन्नास फूट दूर असावा व घराच्या भिंतीलगत नसावा. निव्वळ काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे खड्ड्याच्या नादी न लागता ते पाणी उथळ चरांतून परसात न्यावे व कर्दळ, अळू, केळ लावावी. केळीचा घड हा सांडपाण्याचा मोबदलाच समजावयाचा.

उजेड

खोलीच्या क्षेत्राच्या मानाने खिडक्या किती असाव्यात याचा एक हिशेब इमारतशास्त्रात रूढ आहे. दरवाजे सोडून इतर झरोके व खिडक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण हवेच्या प्रदेशात जमिनीच्या एक-दशांश व दमट उष्ण प्रदेशात एक-षष्ठांश असावे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खणात सोलापूरकडे बारा चौरस फूट, म्हणजे दोन फूट बाय तीन फुटांच्या दोन खिडक्या पुरतील. रत्नागिरीकडे वीस चौरस फुटांची जरुरी लागेल. आपल्या खेड्यांतील कित्येक माजघरांत हे प्रमाण शून्य असते! चोरांच्या भीतीने पूर्वी खिडक्या ठेवीत नसत. ती भीती लोखंडी गजांनी दूर होते. खिडकी बुजविण्याची गरज नाही.

जुन्या भिंतीत खिडकी पाडणे हे काम मात्र जपून करावे. तुळईच्या खाली खिडकी कधीही पाडू नये, आणि भिंतींच्या कोपऱ्यापासून निदान दोन-तीन फूट अंतर सोडावे. छताला आधी धिरा द्यावा. भिंतीचा फक्त वरचा पट्टा फोडून प्रथम दगडी, लाकडी किंवा काँक्रीटची छावणी बसवावी, तिची टोके दोन्ही बाजूंस नऊ इंच तरी भिंतीत गेली पाहिजेत, आणि ती पक्की झाल्यावरच खालचा भाग मोकळा करावा. आधी खाली भगदाड व नंतर वर छावणी, हा उलटा क्रम जिवावर बेततो. गवंड्याचा खर्च येथे वाचवू नये.

ज्यांना भिंत फोडावयाची नाही त्यांनी छपराकडे पाहावे. कोकणातील कौलारू घरात दोन-तीन काचेची कौले घातली की अंधारे माजघर उजळून निघते. पत्र्याच्या घरात एक पत्रा पारदर्शक घालता येतो. धाब्याच्या घरात साणे असतेच, पण पावसाच्या भीतीने ते बहुधा कायमचे झाकून टाकलेले आढळते. त्यावर तिरपी काच बसवून, बाजूंनी धूर व उष्ण हवा जाईल अशी फट ठेवावी. भिंत पांढरी असली की ह्या थोड्या उजेडाची वाढ होते. रात्रीच्या दिव्याचेही तसेच आहे. आज मिळणारा आठ-नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतका प्रकाश देतो, पण काजळलेल्या भिंती त्यातील बराचसा गिळून टाकतात. दिवा खोलीच्या मध्यभागी उंच टांगण्यापेक्षा मुले जेथे अभ्यासास बसतात तेथे, त्यांच्या डाव्या हाताच्या बाजूस, माणसाच्या उंचीवर लावावा. लिहिणाऱ्या हाताची सावली मग वहीवर पडत नाही. मूल डावखुरे असल्यास दिवा उजवीकडे.

धूर व स्वयंपाकाची जागा

चुलीच्या धुराने जगभरात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालील मुलांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. भिंतीवरचे काजळ आपल्याला दिसते म्हणून आपण ते खरवडतो. तेच काजळ घरच्या स्त्रीच्या छातीत किती बसले असेल ते दिसत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या मगन चुलीपासून आपल्याकडे धूर बाहेर काढणाऱ्या चुलींचे प्रयत्न झाले, १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही राबविला गेला. पुष्कळ ठिकाणी त्या चुली टिकल्या नाहीत. धुराडे महिनोन्‌महिने न झाडल्याने तुंबले, चुलीचे तोंड मोठ्या लाकडासाठी फोडले गेले, आणि धूर पुन्हा घरात आला. म्हणून ज्यांच्याकडे अद्याप चूल पेटते त्यांनी धुराड्याचे नळकांडे छपराच्या वर दोन-तीन फूट न्यावे व महिन्यातून एकदा काठीस चिंधी बांधून झाडावे. हे झाडणे पुरुषांनी आपल्याकडे घ्यावयास हरकत नसावी.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची शेगडी बहुतेक खेड्यांत पोहोचली, पण जुन्या सवयीने ती पुष्कळ घरांत जमिनीवरच मांडली जाते. शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंच असली पाहिजे, आणि टाकी सदैव उभीच असावी. यासाठी दगड-मातीचा अडीच-पावणेतीन फूट उंचीचा ओटा घालून वर शहाबादी फरशी बसवावी. वाकून वा उकिडवे बसून स्वयंपाक करण्याचे कष्ट त्यामुळे आपोआप वाचतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाल्यास जमिनीलगत साठतो; म्हणून वरच्या खिडकीबरोबरच भिंतीच्या तळाशीही एक जाळीदार भोक ठेवावे. पेटती चूल आणि गॅसची टाकी एकाच कोपऱ्यात ठेवू नयेत हे वेगळे सांगण्याचे कारण नाही, परंतु तसे पुष्कळदा दृष्टीस पडते. रबरी नळी पाच वर्षांनी, व तडा दिसल्यास त्याआधीच, बदलावी.

चुना व रंग

एवढे झाल्यावर रंगास हात घालावा. घरच्या घरी चुना लावण्याची कृती सोपी आहे, पण ती नीट केली जात नाही म्हणून चुना हाताला व कपड्यांना लागतो आणि लोक त्यास नावे ठेवतात. कळीचा चुना घ्यावा. लोखंडी पिंपात आधी पाणी घेऊन त्यात खडे थोडे थोडे सोडावेत. चुना विरताना पाणी उकळू लागते व शिंतोडे उडतात, म्हणून प्लास्टिकची बादली वापरू नये व मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात शिंतोडा गेल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याने पाव तास तरी डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. एक किलो चुन्यास पाच लिटर पाणी या प्रमाणाने पातळ करून निवळी एक दिवस व रात्र मुरू द्यावी, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळावी. दर किलोस वीस-पंचवीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. दहा किलो चुन्यास सव्वा किलोच्या आसपास मीठ घातले तर चुना भिंतीस अधिक घट्ट धरतो. किलोमागे दोन-तीन ग्रॅम नीळ घातल्यास पिवळट झाक जाते व डोळ्यांवर तिरीप येत नाही.

भिंत आधी झाडून, काजळ खरवडून, किंचित ओली करून घ्यावी. पहिला हात पातळ द्यावा. दाट हात लौकर पांढरा दिसतो, पण त्याचेच पापुद्रे निघतात. कुंचला एकदा उभा व एकदा आडवा फिरवावा. एक हात पुरा वाळल्यावर दुसरा, नव्या भिंतीस असे तीन हात द्यावेत. जुन्या भिंतीस एक वा दोन पुरतात. चुन्याने जंतूंनाही आळा बसतो, भिंतीच्या फटी बुजतात आणि ढेकूण-झुरळांची वस्ती कमी होते.

लहान खोलीच्या भिंतींना गडद निळा वा हिरवा रंग देण्याची हौस टाळावी; त्याने खोली आणखी आकसल्यासारखी वाटते. वर पांढरा चुना आणि खाली जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत गेरूचा पट्टा ही आपल्या आयाबायांची जुनी पद्धत फार शहाणपणाची आहे. माणसे भिंतीस टेकून बसतात, मुलांचे हात तेथेच लागतात, सारवणाचे शिंतोडे तेथेच उडतात. गेरूत हे सारे लपते आणि खराब झाल्यास तेवढाच पट्टा पुन्हा सारता येतो. पिवडी घालून फिकट पिवळा चुनाही सुरेख दिसतो. तयार रंगच आणावयाचा असेल तर त्यात शिसे नाही ना, हे डब्यावर पाहून घ्यावे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. दाराखिडक्यांवरचा फार जुना रंग खरवडावयाचा असल्यास तो भिजवून खरवडावा व त्याची भुकटी पुरून टाकावी. रांगणारे मूल ती तोंडात घालते.

शोभेची कला बाजारातून आणावी लागत नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे व चरखा मातीनेच उठावात काढले आहेत. पाहणाऱ्याच्या मनात आधी भरते ती त्या भिंतीची स्वच्छता, मग ते चित्र. गिलावा ओला असताना बोटांनी व काठीने अशी वेलबुट्टी कोणासही काढता येईल. वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढण्याचा मान सुवासिनींचा होता. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रकला देशोदेशी पोहोचविली. मात्र साऱ्या भिंती चित्रांनी भरू नयेत. दाराभोवतीची चौकट, देव्हाऱ्याची भिंत किंवा ओसरी यांपैकी एकच जागा निवडावी. जुनी दिनदर्शिका, दहा वर्षांपूर्वीचे फोटो, फाटके कागद खिळ्यांवर टांगून ठेवणे ही शोभा नसून पालींचे आश्रयस्थान होय.

सामानाची मांडणी

दोन खणांच्या घरात जमिनीवर जितके कमी ठेवावे तितकी जागा मोठी होते. मातीच्या जाड भिंतीत मुळातले कोनाडे असतात. ते मोकळे करून त्यांस फळ्या माराव्यात. जुन्या भिंतीत नवे कोनाडे मात्र कोरू नयेत, भिंत कमकुवत होते. दारावर हातभर रुंदीची फळी चारी भिंतींना फिरविली तर वर्षातून एकदा लागणारी भांडी तिच्यावर जातात. अंथरुणे दांडीवर घडी घालून ठेवावीत, किंवा लोखंडी पेटीवर रचून वर स्वच्छ गोधडी पसरावी, म्हणजे पाहुण्यास बसावयास आसन तयार. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व पडदे हे विकतच्या पडद्यांपेक्षा टिकाऊही असतात आणि घराला घराचा रंग देतात. धान्याची कोठी भिंतीपासून वीतभर दूर व पाटावर ठेवावी.

याच ठिकाणी एक गोष्ट निक्षून सांगणे भाग आहे. कीटकनाशकाच्या बाटल्या, फवारणीचा पंप व त्या वेळचे कपडे राहत्या खोलीत, कोनाड्यात, धान्याजवळ किंवा खाटेखाली ठेवू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. हे विष अंगावरून व श्वासातूनही शरीरात जाते. त्यासाठी गोठ्याच्या किंवा परसाच्या बाजूस, मुलांच्या हातास न लागेल इतक्या उंचीवर, कुलूप लावता येईल अशी लहानशी लाकडी पेटी भिंतीस ठोकावी. एका जुन्या खोक्यापासून ती होते. रिकामे डबे सुंदर, रंगीत व झाकणाचे असतात म्हणून त्यांत पाणी, तेल, बियाणे भरणारे किंवा त्यांत तुळस लावून ओसरीवर मांडणारे लोक आहेत. असे डबे तीनदा खळबळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, आणि डबा भोके पाडून निकामी करावा. ओसरीवरील झाडांसाठी फुटक्या माठाचे बूड पुरेसे आहे. तुळस, गवती चहा, मोगरा व एखादा कढीपत्ता त्यात चांगला वाढतो, आणि माती श्वास घेत असल्याने मुळे कुजत नाहीत.

कामाचा क्रम शेतीच्या हंगामाशी जुळवून घ्यावा. खरिपाची सुगी आटोपल्यावर, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, भिंतींचा गिलावा व ओटा करावा, कारण त्या दिवसांत माती सावकाश वाळते व तडे कमी जातात. खिडकी पाडण्याचे काम फाल्गुन-चैत्रात, छपराचे वैशाखात. चुन्याचा हात दसरा-दिवाळीस देण्याची जी रूढी आहे ती देशावर योग्यच आहे. कोकणात मात्र त्या वेळी भिंतींतील ओल पुरती गेलेली नसते, तेथे पौषापर्यंत थांबावे. भिंत कोरडी झाली की नाही हे पाहण्यास तळहात अर्धा मिनिट तिच्यावर दाबून धरावा. गारवा व चिकटपणा जाणवला तर आणखी आठ दिवस जाऊ द्यावेत.